कण्हत येणारी जीप

उंबराच्या वळणावर आमचा दादा जीप थांबवतो आणि चावी फिरवून इंजिन पार बंद करतो. भर चढणीवर, गाडी माणसांनी गच्च भरलेली असताना. मग मान बाहेर काढून खाली वाडीकडं कान देतो. वळणाला यायला कोण नसलं तरी देतो. मागं कोंबलेली माणसं घामानं निथळतात, कोणाचं तरी पोर भोकाड पसरतं, एखादा मुंबईकर विचारतो, "काय ड्रायव्हर, बंद पडली काय?" दादाचा कान तसाच खाली. त्याचं ऐकून झालं की पुन्हा चावी मारतो नि निघतो. आई गेल्यापासून त्याचं हे असं चाललंय.

हीच माणसं परतीला पोलादपूरला उतरली की माझ्या टपरीवर चहा पितात आणि मलाच विचारतात, "तो तुमचा भाऊ ना? जरा हे हाय काय?" आणि कानाशी बोट फिरवतात. आधी मी चिडायची. एकाच्या हातातून अर्धा प्यायलेला कप काढून घेतला होता मी. "जा, तिकडं जाऊन पी," म्हटलं. आता चिडायचाही कंटाळा आला बाई. म्हणून एकदाच काय ते सांगते, मग पुन्हा कोणी विचारू नका.

मी राजश्री. श्रीपत माझा थोरला भाऊ. आमची बौद्धवाडी कुडपणच्या अलीकडं. रस्ता वर, वाडी खाली, आणि मधे दगडाच्या पायऱ्या. कोणी बांधलेल्या नायत, चालून चालून झालेल्या. पायऱ्या जिथं रस्त्याला लागतात तिथं उंबर हाय. मी लग्न होऊन पोलादपूरला आले. घरी उरले दादा आणि आई. आईचं नाव गीताबाई. दादाचं लग्न काय जमलं नाय. मुली बघितल्या, पण सगळ्यांचं एकच तुणतुणं, मुलगा मुंबईला का नाय? डोंगरात कोण राहणार, फोनला रेंज नाय. मी त्याला म्हणायची, "तुझं जीपशी लागलंय रे. माझी वहिनी डिझेल पिते." तो हसायचा. तेव्हा हसायचा तो.

जीप म्हणजे पोलादपूर ते कुडपण माणसं वाहायची त्याची जुनी जीप. काचेवर मोठ्या अक्षरात जयभीम, मागं ताडपत्री. इंजिन एवढंसं. सपाटीला बरी धावायची, पण पूल ओलांडून घाटाला लागली की कण्हायला सुरुवात. पोट दुखणाऱ्या माणसासारखी कण्हायची, ऊं ऊं करत, पहिल्या गिअरात, प्रत्येक वळणाला जीव जातोय की राहतोय अशी. आणि तो आवाज अख्ख्या खोऱ्यात घुमायचा.

आता तुम्ही म्हणाल, ह्यात काय सांगण्यासारखं. हाय. आमच्या वरच्या माणसांचं घड्याळच तो आवाज होता. ना तिथं थांबा, ना वेळापत्रक, ना वाडीत रेंज. जीप पुलावर कण्हायला लागली की बायका चुलीवरचं उतरवायच्या. फणसाच्या वळणाला आली की कोंबड्या झाकायच्या, लुगडं नीट करायचं. खिंडीत आली की पायऱ्या चढायला लागायचं. वर उंबराखाली येऊन पदरानं तोंड पुसेपर्यंत जीप समोर उभी. कधी कोणाची चुकली नाय. आजारी माणसाला झोळीत घालून आणायचं असलं तरी त्याच आवाजावर झोळी उचलायची.

आईला तर डोळ्यांनी अंधुकच दिसायचं. मोतीबिंदू. ऑपरेशनचं नाव काढलं की म्हणायची, "काय बघायचं राह्यलंय आता? कान हायत ना." रोज दुपारच्या खेपेला ती दादाची भाकरी घेऊन वळणावर जायची. पुलावर आवाज आला की भाकरी तव्यावर टाकायची, म्हणजे त्याच्या हातात पडेपर्यंत ऊन राहायची. मी एकदा म्हटलं, "अगो आई, सकाळी डब्यात दे ना. कशाला गुडघे झिजवतेस?" तर माझ्यावरच उसळली. "गार भाकरी घालू व्हय त्याला? दिवसातनं तेवढाच तर दिसतो." दिसतो म्हणायची हं. दिसत तर काय नव्हतं.

मग कुडपणला धबधबा बघायला माणसं यायला लागली. रस्ता डांबरी झाला. नव्या गाड्या आल्या, सुळकन वर जाणाऱ्या. पोलादपूरला लायनीत उभी असलेली दादाची जीप बघून लोक पुढच्या गाडीत जाऊन बसायला लागले. त्यांचंही काय चुकलं? जीप अर्ध्या घाटात उकळायची, मग सगळ्यांनी उतरून धक्का मारायचा, पाणी ओतायचं, पुन्हा बसायचं. कोंडाजी म्हणून वरच्या आळीतला म्हातारा हाय, तोंडाचा फटकळ, दादाशेजारची पुढची जागा त्याची ठरलेली. एकदा चाकाखाली दगड लावता लावता तो सगळ्यांदेखत बोलला, "श्रीपत, तुझी जीप आमाला चढवते का आमी तिला चढवतो रे?" सगळे फिदीफिदी हसले. दादाही हसला, पण संध्याकाळी माझ्या टपरीवर आला तेव्हा चहा तसाच ठेवला त्यानं.

"ही कुडपणची लाईन गेली तर मुंबईला जायला लागंल, राजी," म्हणाला. "मी गेलो तर आईला कोन?"

"माझ्याकडं आण तिला."

"येनार हाय ती? वाडी सोडून?"

ती येणार नव्हती. दोनदा आणली होती, दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी घेऊन स्टँडवर उभी. तेव्हा पुढचं सगळं इंजिनाचं खूळ कशासाठी, ते ध्यानात ठेवा. आईला सोडून जायला लागू नये म्हणून. दुसरं काय नव्हतं त्याच्या डोक्यात.

महाडला गांधारी नदीच्या अंगाला अब्बासभाईचं गॅरेज हाय. हात सोन्याचा माणसाचा. मी त्याला एका शब्दानं बोल लावणार नाय. अपघातात चेपलेल्या एका पिकअपचं इंजिन त्याच्याकडं पडलेलं, चांगलं थोरलं. दादा म्हणाला, हे माझ्या जीपला बसवा. अब्बासभाईनं आधी नकोच म्हटलं. गाडी जुनी, चेसिस जुनी, पासिंगची भानगड. दादा रोज जाऊन बसायला लागला. आईचं सांगितलं. मग अब्बासभाई विरघळला. चेसिसला नवे ब्रॅकेट वेल्डिंग केले, गिअरबॉक्सला जोडायला पट्टी घडवून घेतली, ब्रेक बदलले, रेडिएटर मोठा घातला, बॉनेटमधे मावेना म्हणून बॉनेट कापलं. कागदांसाठी दादाला घेऊन खेपा घातल्या. जुनं इंजिन साखळीला लटकवून खाली उतरवलं आणि कोपऱ्यात पोत्यावर ठेवलं. दादानं त्याच्याकडं वळून बघितलंही नाय. नवं इंजिन चालू करायला मी मुद्दाम गेले होते, पेढे घेऊन. चावी मारली आणि अशी धडधड सुरू झाली की बाजूच्या घराची कौलं पडायची बाकी राहिली. मी काय बोलते ते दादाला ऐकू येईना. अब्बासभाई कानाशी येऊन ओरडला, "श्रीपतभाऊ, ह्याला उभं राहायला आवडत नाय! उभ्या गाडीत बडबड करणार! चालतं ठेवा, मग बघा!"

आणि चालतं ठेवलं तर काय सांगू. पहिल्या खेपेला मी होते. पूल कधी गेला कळलं नाय. फणसाचं वळण, खिंड, लोण्यातून सुरी जावी तशी जीप गेली, ना कण्हणं ना कुथणं. कोंडाजी म्हणाला, "आयला, श्रीपत, आभाळातलं इमान आनलंस काय रे?" दादाचा चेहरा मी तेव्हा बघितला तसा आधी कधी नाय बघितला, नंतर तर सोडाच.

उंबराच्या वळणावर आलो आणि वळणावर कोणीच नव्हतं.

दादानं हॉर्न मारला. पुन्हा मारला. खालून पायऱ्यांवर गडबड ऐकू आली. बायका धापा टाकत, कोणाचे केस मोकळे, कोणाच्या एका पायात चप्पल. "मेल्या, सांगून तरी येत जा!" म्हणून शिव्या घालायला लागल्या. सगळ्यात शेवटी आई. भाकरी अर्धी कच्ची होती.

"गाडी आली कुठनं?" ती म्हणाली. "मला आवाज नाय आला."

"नवीन इंजिन हाय आई. आता कण्हत नाय ती."

"मग मला कसं कळनार?" तिनं विचारलं. आम्ही सगळे हसलो. मीही हसले.

पुढं हेच रोज सुरू झालं. दादा लांबून हॉर्न वाजवायचा, पण हॉर्न तर धबधब्याला जाणारे सगळेच वाजवतात. बायका दोन चारदा उगाच चढून आल्या, आणि कोणा परक्याची गाडी बघून शिव्या देत उतरल्या. मग त्यांनी नाद सोडला. ज्यांचे पोरगे मुंबईला, ते पोरगेच तिकडनं नव्या गाड्यांना फोन करून बोलवायचे. म्हणजे गंमत बघा, दादाला पोलादपूरची माणसं मिळाली, धबधब्याची माणसं मिळाली, गाडी रोज भरून जायला लागली, आणि ज्यांची ती गाडी होती ती माणसंच सुटली. मुंबईला जायची पाळी मात्र टळली. त्या एकाच गोष्टीवर तो खूश होता.

आईनं मात्र नाद सोडला नाय. तिला घड्याळ कळत नव्हतं, पण तिनं सावलीवरनं अंदाज बांधायला घेतला. कधी फार आधी जाऊन उंबराखाली ताटकळायची, भाकरी गार होऊन जायची. ते तिला खपायचं नाय. मग मधेच कुठला तरी हॉर्न ऐकला की तव्यावरची भाकरी उचलून पळत सुटायची. त्या वयात, त्या डोळ्यांनी. दादानं सांगितलं, नको येऊस. मी सांगितलं. ऐकेल तर शपथ. आणि दादालाही राग यायला लागला होता. गाडीत परकी माणसं बसलेली, वेळ बघतायत, खालून आई चाचपडत येतेय. एकदा तो तिच्यावर ओरडला, "माझा खोळंबा होतो आई! हॉर्न मारल्यावर लगेच यायचं, नायतर यायचं नाय!" कोंडाजीनं मला सांगितलं, आई नुसती "बरं बाबा" म्हणाली.

पाऊस ओसरत आला होता. पायऱ्यांवर शेवाळ, दोन्ही अंगाला तेरडा कमरेएवढा. त्या दुपारी दादा वळणावर आला, इंजिन चालूच ठेवून हॉर्न मारला. वाट बघितली. पुन्हा मारला. मागून कोणी म्हणालं, "चला हो, अंधार व्हायच्या आत परत यायचंय आम्हाला." भर दुपारी अंधार! पण गिऱ्हाईक ते. दादा बराच वेळ हॉर्नवर हात ठेवून बसला. मग म्हणाला, "आज नाय येत वाटतं म्हातारी. बरंच झालं, ऐकायला लागली." आणि गिअर टाकला.

परतीला गाडी रिकामी होती, नुसता कोंडाजी. दादा उंबराशी थांबला. घरी जाऊन जेवतो म्हणाला. चावी काढली. धडधड थांबली, आणि तेरड्यातून आवाज आला.

रस्त्यापासून चार पायऱ्या खाली पडली होती ती. एवढ्याच अंतरावर, माझ्या टपरीपासून तो खांब हाय तेवढ्या. खुबा मोडला होता. भाकरीचं फडकं पोटाशी धरलेलं, गाठसुद्धा सुटली नव्हती.

"वरडले रे मी," ती म्हणाली. "तू हॉर्न मारत व्हतास तवा मी हितंच व्हते. लय वरडले. तुझ्या मशीनीपुढं माझं काय चालनार."

ती रागानं नाय बोलली हो. रागानं बोलली असती तर बरं झालं असतं. जसं झालं तसं सांगितलं तिनं.

महाडच्या दवाखान्यात नेली. डॉक्टर बिचारे भले होते, म्हणाले, काळीज फार कमजोर हाय, ऑपरेशन पेलवायचं नाय, घरी न्या, सेवा करा. त्याच जीपमधून मागं गादी टाकून वर आणली. जीप कुठं तापली नाय, अडली नाय, एका दमात घाट चढली. असली गुणाची गाडी! मला ती दरीत ढकलावीशी वाटत होती.

टपरी बंद करून मी वर राहायला गेले. पहिले काही दिवस आई बरी बोलायची. मग तिचं डोकं सुटत गेलं. दुपार झाली की कान टवकारायची. वर उंबराशी दादाची जीप येऊन थांबायची, दादा पायऱ्या उतरून घरात यायचा, तिच्यासमोर बसायचा, आणि ती मला विचारायची, "कोनाची गाडी आली गो?"

"दादाची आई. हा काय दादा."

"ह्यॅ. श्रीपतची गाडी लांबनं कळते मला. आला न्हाय अजून तो." आणि दादाकडं वळून म्हणायची, "बस रे बाबा, पानी घे. माझा ल्योक येईल आता, त्याच्यासंगं जा."

आणि तो येईस्तोवर जेवायची नाय. भाकरी फडक्यात बांधून उशाला ठेवायला लावायची. मी दरडावलं, हातापाया पडले. दादा तिचे हात आपल्या तोंडावरून फिरवायचा, "आई, मी गो, मी श्रीपत." ती हात काढून घ्यायची. परक्या माणसाच्या तोंडाला हात लावायची तिला लाज वाटायची. दादा मागच्या पडवीत जाऊन भिंतीवर डोकं आपटायचा. मी धरायला जायची तर मलाच ढकलायचा. असं वाटायचं, एवढ्याशा घरात आम्ही तिघं आणि तिघंही एकमेकांना सापडत नाय.

एक दिवस तो उठून महाडला गेला. अब्बासभाईला म्हणाला, जुनं इंजिन परत बसवा. अब्बासभाईनं डोक्याला हात लावला. इंजिन त्यानं केव्हाच देऊन टाकलं होतं, दासगावच्या खाडीत रेती काढणाऱ्या एका होडीच्या पंपाला. आणि परत बसवायचं तर पुन्हा सगळं कापायला लागणार, तेवढा वेळ आईकडं हाय का? जुनं इंजिन ठेवलेलं त्या रिकाम्या पोत्यावर दादा बसून राहिला. तेव्हा अब्बासभाईच म्हणाला, "चला, बघून तरी येऊ." आपल्या स्कूटरवर त्याला दासगावला घेऊन गेला. नंतर त्यानं मला सांगितलं, "ताई, किनाऱ्याला बऱ्याच होड्या होत्या. मी नंबर बघायला चाललो होतो. श्रीपतभाऊ लांबूनच म्हणाले, ते बघा, कण्हतंय."

गुडघाभर चिखलात उभा राहून दादानं तो आवाज मोबाईलवर भरून घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं जीप वर आणलीच नाय. पुलापाशी उभी करून चालत आला. अंगणात कोंडाजी आईला बघायला म्हणून येऊन बसला होता. दादा पडवीत आला आणि मोबाईल चालू केला. ऊं... ऊं... ऊं... अगदी तोच.

आईनं मान उचलली. कितीतरी दिवसांनी तिचं तोंड असं उजळलं.

"आला गो!" ती म्हणाली. "पुलावर आला. राजे, पीठ मळ, ऊठ!"

मी उठले. रडत रडत पीठ मळलं, चूल पेटवली. वाटलं, जेवेल आज. चार घास तरी जातील. भाकरी थापली, तव्यावर टाकली. बाहेर आवाज चालू होता. संपला की दादा लगेच पुन्हा लावायचा.

"अजून पुलावरच?" आई म्हणाली.

दादानं आवाज वाढवला. आणखी वाढत नव्हता. मग तो मोबाईल घेऊन घरात आला, तिच्या खाटेशी बसला, पार उशाशी धरला. पण मोबाईलच तो. कितीही जवळ आणला तरी आवाज बारीकच, लांबून आल्यासारखा.

"चढत का न्हाय गो?" आई कासावीस झाली. "फनसाच्या वळनाला यायला पायजे एव्हाना. अडकली असंल. कोंडाजीला धाडा कोनतरी, धक्का मारायला."

कोंडाजी दारातच होता. एरवी ह्या माणसाला बोलायला शब्द कमी पडत नायत. तो उठला, "जातो गीताबाय," म्हणाला, पायात चपला घातल्या आणि खरंच पायऱ्यांच्या दिशेनं निघून गेला.

भाकरी झाली. मी ती फडक्यात बांधून आईच्या हातात दिली. तिनं गाठ चाचपली, ऊन हाय का बघितलं. दादा तिच्याजवळ मोबाईल धरून तसाच बसला होता. ती त्याच्याकडं वळली, परक्या माणसाला सांगावं तसं अदबीनं म्हणाली, "बाबा, मी जरा पडते. दम लागलाय. माझ्या ल्योकाची गाडी खिंडीत आली का मला उठव."

"उठवतो," दादा म्हणाला.

ती डोळे मिटून पडली. दादा आवाज पुन्हा पुन्हा लावत राहिला. जीप कण्हत होती, कण्हत होती, पण पुलापासून पुढं काय सरकली नाय, आणि आईला उठवायची वेळ काय आली नाय.